हजेरीपटातील आठवडा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षे या शाळेच्या प्राथमिक विभागात वेचली. त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याची संधी संस्थेने मला दिली, याबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. मी पंडित नव्हे. बडोदे संस्थानच्या शैक्षणिक इतिहासाविषयी आयुष्यभर जिज्ञासा बाळगलेला एक निवृत्त शिक्षक, एवढीच माझी योग्यता आहे.

गेला आठवडाभर आपल्या प्राथमिक विभागात विद्येचा उत्सव चालला आहे. सोमवारी हस्ताक्षरांचे प्रदर्शन झाले, मंगळवारी पाढे, बुधवारी प्रकट वाचन, नंतर कथाकथन आणि चित्रे. आज शनिवारी बक्षिसे दिली जातील. हे सर्व पाहून मला आनंद झाला. परंतु तिसरीच्या वर्गात शिरताना दारामागे टांगलेल्या हजेरीपटाकडे माझी दृष्टी गेली आणि मनात एक प्रश्न उभा राहिला. प्राथमिक शाळेचे यश कशाने मोजावे? हा प्रश्न आजचा नाही. गेली दीड-दोनशे वर्षे तो निरनिराळ्या रूपांनी विचारला गेला आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक फार मोठा भाग आपल्याच बडोद्यात लिहिला गेला आहे. तो इतिहास यथामति आपल्यापुढे मांडावा, एवढाच आजचा हेतू आहे.

१

प्रथम 'आठवडा' या कल्पनेचाच विचार करू. सोमवारी शाळा भरावी, शनिवारी अर्धा दिवस असावा आणि रविवारी सुटी असावी, हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की ते कधीतरी नव्याने आले हे ध्यानातही येत नाही. आपल्या जुन्या पाठशाळांचे अनध्याय तिथींवर ठरत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या या दिवशी अध्ययन वर्ज्य मानले जाई. म्हणजे विद्येचे कालमान चंद्राच्या कलांनी चालत असे. इंग्रजी अमलात कचेऱ्यांना रविवारची सुटी आली, तिच्यामागून सरकारी शाळांनाही आली. कष्टकऱ्यांच्या घरी मात्र हा रविवार फार उशिरा पोहोचला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणीकामगारांना साप्ताहिक सुटी मिळाली, ती १८९० मध्ये. शाळेत जाणाऱ्या मुलाचा रविवार त्याच्या मजूर बापाच्या रविवारापेक्षा जुना आहे, हे आपण विसरू नये.

त्या आठवड्यात मुले काय शिकत? पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर बारीक धूळ पसरून काडीने अक्षरे गिरवीत. पुढे बोरूने कागदावर कित्ता काढीत. बाळबोध आणि मोडी या दोन्ही लिप्या येणे आवश्यक समजले जाई. साध्या पाढ्यांपाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी येत, आणि सायंकाळी परवचा म्हटला जाई. आज औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, असे मुलांना समजावून सांगावे लागते. रुपया-आणे-पै आणि मण-शेर-छटाक यांच्या जगात या अपूर्णांकांच्या पाढ्यांवाचून एक दिवसही व्यवहार चालत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढे मेट्रिक मापे आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्वत्तेचे लक्षण मानली गेलेली ही संपदा शाळेतून हळूहळू निघून गेली. मोडीचेही तसेच झाले. जे काल यश होते ते आज आठवण झाले. म्हणून पाठांतरावरून किंवा विषयांवरून शाळेचे यश ठरवू गेल्यास आपले माप प्रत्येक पिढीत बदलते, एवढे प्रथम ध्यानात घ्यावे.

२

दुसरे माप निकालाचे. त्याचाही एक इतिहास आहे आणि तो बोधप्रद आहे. १८६२ साली इंग्लंडमध्ये शाळांना द्यावयाचे अनुदान मुख्यतः हजेरी आणि परीक्षेचा निकाल यांवर ठरविण्याचा नियम झाला. इन्स्पेक्टराने येऊन एकेका मुलाची वाचन, लेखन आणि गणित यांत परीक्षा घ्यावी, उत्तीर्ण मुले मोजावी आणि त्यावर पैसे द्यावे, असा तो व्यवहार होता. विचार सरळ दिसतो. जनतेचा पैसा फुकट जाऊ नये. परिणाम मात्र असा झाला की जे परीक्षेत विचारले जाते तेवढेच शिकविले जाऊ लागले. वर्षभर एकच पुस्तक घोकून मुले ते तोंडपाठ म्हणत. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यातही खासगी शाळांच्या अनुदानासाठी रूढ झाली. १९०४ साली लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने आपल्या शैक्षणिक ठरावात तिचा स्पष्ट निषेध केला. इंग्लंडने तर ती शतक संपण्यापूर्वीच टाकून दिली होती.

कायद्यातून गेलेली गोष्ट मनातून जातेच असे नाही. येथे मी स्वतःचा एक अनुभव सांगतो. तो या शाळेतला नाही, या शहरातलाही नाही. मी चौथीत होतो. डिपुटीसाहेब तपासणीला येणार म्हणून आठवडाभर शाळा सारवली जात होती, तक्ते टांगले जात होते, स्वागताचे पद बसविले जात होते. माझ्या शेजारी बसणारा मुलगा वाचताना अडखळत असे. त्याचे वडील बैलगाडी हाकीत, आणि हंगामात तोही त्यांच्याबरोबर जाई. तपासणीच्या आदल्या दिवशी आमच्या मास्तरांनी त्याला जवळ बोलावून अगदी मायेने सांगितले, "बाळ, उद्या तू घरीच राहा." मास्तर दुष्ट नव्हते. शाळेचा शेरा चांगला यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. शेरा उत्तम आला आणि आम्हांला पेढे मिळाले. तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवशीही आला नाही, तिसऱ्या दिवशीही आला नाही, आणि पुढे कधीच आला नाही. त्याला कोणी काढून टाकले नव्हते. आपल्यावाचून शाळा अधिक चांगली दिसते, एवढे त्याला कळले होते.

त्या दिवशी मीही पेढा खाल्ला. आज इतक्या वर्षांनंतर बडोद्याच्या इतिहासाची पाने चाळताना मला त्या मुलाची जागा आठवते. कारण त्या इतिहासात कोणी तरी नेमका उलटा प्रश्न विचारला होता.

३

तो प्रश्न विचारणारे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड हे स्वतः उशिरा शाळेत आलेले विद्यार्थी होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा गावी १८६३ साली त्यांचा जन्म झाला. १८७५ साली महाराणी जमनाबाईसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुलाला अक्षरओळख जवळजवळ नव्हती. इलियट साहेब आणि इतर शिक्षकांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले व १८८१ च्या अखेरीस त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. दत्तकविधानाचा योग आला नसता तर आपण हजेरीपटाबाहेरच राहिलो असतो, हे त्यांना चांगले ठाऊक असले पाहिजे.

प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, ही मागणी त्यापूर्वीच झाली होती. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात किमान बाराव्या वर्षापर्यंत ते सक्तीचे करावे, असे निःसंदिग्धपणे मांडले होते. शेतकऱ्याच्या करातून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. ब्रिटिश सरकारने ती मागणी मान्य केली नाही. बडोदे सरकारने १८९३ साली काठेवाडातील अमरेली येथे आणि तिच्या आसपासच्या काही गावांत सक्तीचा प्रयोग सुरू केला. राजधानीपासून दूर असलेला एक लहान मुलूख निवडून तेथे अडचणी काय येतात ते पाहावे आणि मग पाऊल पुढे टाकावे, अशी त्यामागची सावध दृष्टी होती.

या प्रयोगाला साधी वर्षे लाभली नाहीत. विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ, ज्याला गुजरातेत आजही 'छप्पनियो' म्हणतात, तो याच काळात पडला. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. १९०१ साली ती साडेएकोणीस लाखांवर आली. दहा वर्षांत जवळजवळ एक पंचमांश माणसे कमी झाली. अशा आपत्तीनंतर कोणत्याही राज्यकर्त्याने शिक्षणाचा खर्च कमी केला असता तर त्याला दोष देणे कठीण होते. बडोदे सरकारने १९०६ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा सर्व संस्थानाला लागू केला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की त्या निर्णयाचे खरे वजन कळते.

कायद्याचे यंत्र साधे होते. गावातील शिक्षणयोग्य वयाच्या मुलामुलींची यादी करावयाची, शाळेच्या पटाशी ती ताडून पाहावयाची, गैरहजर मुलाच्या पालकास समज द्यावयाची आणि तरीही मूल न आल्यास दंड करावयाचा. आजारपण, अपंगत्व, अंतर अशा कारणांसाठी सवलती होत्या. या यंत्रात एक मोठी क्रांती दडलेली होती. तोपर्यंत शाळेची वही आलेल्या मुलांची नोंद ठेवीत असे. आता न आलेल्या मुलाची नोंद ठेवणे हे राज्याचे काम झाले. इन्स्पेक्टर विचारी, "किती पास झाले?" अमरेलीची यादी विचारी, "कोण आले नाही?"

हे सर्व निर्दोष होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. दंड गरिबाच्या घरावरच अधिक पडे. ज्या घरात गुरे राखणाऱ्या मुलाचे काम दंडापेक्षा मोलाचे होते, तेथे कायदा हतबल होई. पटावर नाव आणि वर्गात मूल यांत अंतर राही. तरीही बडोद्याने ही गोष्ट करून दाखविली होती, म्हणूनच नामदार गोखले १९१० साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडताना बडोद्याचे उदाहरण देऊ शकले. १९११ साली त्यांनी आणलेले विधेयक पुढील वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सरकारी सभासदांबरोबर जमीनदार वर्गातील पुढारीही त्याच्या विरोधात होते. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी कायदा झाला. एका मराठी राजाने गुजरातेत लावलेले रोप असे दोन्ही प्रांतांत रुजले.

४

पटावर नाव कोणाचे, हा यापुढचा प्रश्न. अंत्यज मानल्या गेलेल्या मुलांसाठी बडोद्यात १८८० नंतर लवकरच स्वतंत्र शाळा निघाल्या. तेथे शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून आरंभी मुसलमान शिक्षक नेमावे लागले. ही वस्तुस्थिती आपल्या समाजाने खाली मान घालून वाचावी अशी आहे. १९०८ साली आर्यसमाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांना या शाळांच्या कामासाठी पाचारण करण्यात आले. शाळांबरोबर वसतिगृहेही आली.

१९१३ साली याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यास परतले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास घर मिळाले नाही. दरबाराने ज्याला शिकविले त्याला शहराने आसरा दिला नाही. कायदा मुलाला वर्गापर्यंत आणू शकतो. शेजारच्या मुलाने आणि त्याच्या आईबापांनी त्याला आपल्यात बसू देणे, हे कायद्याच्या पुढचे शिक्षण आहे. त्याचे गुणपत्रक अजून कोणत्याही शाळेने छापलेले नाही.

मुलींची कथाही अशीच. १९०६ च्या कायद्यात मुलींचा समावेश होता, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. पण मुलींना मुलग्यांपेक्षा लवकर शाळेतून मोकळे केले जाई, कारण समाज त्याहून अधिक सहन करण्यास तयार नव्हता. महाराणी चिमणाबाईसाहेबांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार जन्मभर केला. १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या, आणि ती परिषद मुलींच्या शिक्षणाचाच विचार करण्यासाठी भरली होती.

५

मूल शाळेत आले, चार इयत्ता शिकले आणि घरी परतले, की पुढे काय? वाचावयास काही नसेल तर अक्षरे पुसून जातात. म्हणून सक्तीच्या शिक्षणापाठोपाठ बडोद्यात ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी झाली. त्यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ते काम पुढे नेले, तर मोतीभाई अमीन यांनी गावोगाव वाचनालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या पेट्या खेड्यांतून फिरत. शाळेचा आठवडा शनिवारी संपतो, वाचनाचा संपू नये, ही त्यामागची भूमिका होती.

आणखी एक वेगळा मार्ग भावनगरने दाखविला. गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात १९२३ पासून ताराबाई मोडक या मराठी विदुषी काम करीत होत्या. गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' हे पुस्तक येथील शिक्षकांना परिचित आहे. प्राथमिक शाळेतील चौथीच्या वर्गावर एक वर्ष केलेल्या प्रयोगाची ती कथा असून क्रमांक, बक्षिसे आणि पाहुण्यांसाठी घोकून घेतलेले कार्यक्रम यांविषयीची नापसंती तीत स्पष्ट दिसते. ताराबाईंनी पुढे अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी व नंतर कोसबाड येथे वारली मुलांत काम केले. गुरे राखावी लागतात म्हणून मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला त्या कुरणशाळा म्हणत. अमरेलीच्या कायद्याने जो गुराखी मुलगा दंडानेही हाती लागत नव्हता, त्याच्यासाठी कोसबाडला शिक्षिका चालत गेली. "कोण आले नाही?" या प्रश्नाला मिळालेले याहून सुंदर उत्तर मला ठाऊक नाही.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे ध्येय दहा वर्षांत गाठावे असे म्हटले. प्रत्यक्षात शिक्षण हा मूलभूत हक्क व्हावयास २००२ ची घटनादुरुस्ती आणि २००९ चा कायदा यावा लागला. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. फुल्यांच्या निवेदनापासून मोजले तर १२७ वर्षे झाली. या नव्या कायद्यात पालकाला दंड नाही. मुलाला शाळेत आणण्याची आणि टिकविण्याची जबाबदारी मुख्यतः शासनावर टाकली आहे. शंभर वर्षांच्या अनुभवाने आपण एवढे शिकलो.

६

आता पुन्हा आपल्या शाळेकडे येतो. परमुलखात राहून मराठी शाळा चालविणे किती कठीण झाले आहे, हे व्यवस्थापक मंडळाला मी सांगावयास नको. आजूबाजूला मोठ्या इमारतींच्या इंग्रजी शाळा आहेत. पट टिकविण्याची चिंता प्रत्येक जूनमध्ये उभी राहते. अशा वेळी निकालाचे आकडे रंगवून दाखविण्याचा मोह होतो आणि तो मी समजू शकतो. पण आपली परंपरा आकड्यांची नाही, नावांची आहे. या शहरातील मराठी शाळेला मिळालेला वारसा अमरेलीच्या त्या यादीचा आहे.

गुरुजींची एक सवय येथील जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. सोमवारी हजेरी घेताना जो मुलगा नसे त्याच्या नावापुढे ते लगेच खूण करीत नसत. क्षणभर थांबत, वर्गाकडे पाहत आणि विचारीत, "कोणाला ठाऊक आहे का रे?" सायंकाळी छत्री घेऊन मांडवीच्या पलीकडील पोळांतून ते त्या मुलाच्या घरी जात. कोठे आई आजारी असे, कोठे वडिलांची नोकरी सुटलेली असे, कोठे केवळ पाटी फुटलेली असे. बुधवारपर्यंत मुलगा वर्गात परत येई. त्या फेऱ्यांची नोंद कोणत्याही अहवालात नाही. त्यांची नोंद आज या सभागृहात बसलेली आहे.

म्हणून शिक्षकबंधूंना व भगिनींना माझी एवढीच विनंती. या आठवड्यातील बक्षिसे आनंदाने द्या. मुलांच्या कौतुकात कसूर करू नका. पण आज व्यासपीठावर ज्याचे नाव पुकारले जाणार नाही आणि जो कदाचित मुद्दामच आज घरी राहिला आहे, त्याचे नाव परवा सोमवारी हजेरीत थोडे मोठ्याने घ्या. तो नसेल तर क्षणभर थांबा आणि वर्गाला विचारा. माझ्या शेजारच्या त्या मुलासाठी कोणी थांबले नाही. मीही थांबलो नाही. येथे तसे होऊ नये.